समुद्र तापला तर निफाडला काय?

कादवाकाठ

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी निफाड तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान-भूगोल शिकवतो. गेल्या आठवड्यात नववीला समुद्राचा हवामानावर होणारा परिणाम घेतला. सम हवामान, विषम हवामान, खारे वारे, मतलई वारे, नेहमीचंच. मागच्या बाकावरच्या एका पोराने हात वर केला. हा वर्षातून दोनदा हात वर करतो, त्यातला एक पाणी प्यायला जायचं असतं म्हणून. म्हणाला, "सर, समुद्र तापला तर निफाडला काय?"

वर्ग हसला, मीही हसलो. बाष्पीभवन, ढग, असं काहीतरी पुस्तकातलं सांगितलं आणि घंटा झाली. घरी जाताना गाडीवर आठवलं, ह्याच पोराच्या वडिलांची दोन एकर द्राक्षबाग २०१९ च्या दिवाळीत गेली होती. तेव्हा 'क्यार' आणि त्याच्या मागोमाग 'महा' अशी दोन वादळं एकाच वेळी अरबी समुद्रात फिरत होती. आपल्या किनाऱ्याला एकही येऊन धडकलं नाही, तरी इकडे पाऊस लागला तो लागलाच. म्हणजे उत्तर पोराला माहीत होतं. सरांना माहीत आहे का, एवढंच त्याला बघायचं होतं.

मग आठवडाभर वाचत बसलो. कळलं ते थोडक्यात लिहितो, चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण जी जास्तीची उष्णता पृथ्वीवर अडकवून ठेवलीय, तिच्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त एकट्या समुद्राने पोटात घेतलीय. आपण तापतोय तापतोय म्हणतो ती उरलेली चिल्लर आहे. समुद्राचा नुसता वरचा अडीच-तीन मीटरचा थर घेतला तरी त्यात सगळ्या वातावरणात मिळून मावेल तेवढी उष्णता मावते. त्यामुळे तो हळू तापतो, आणि तापला की लवकर निवत नाही.

अरबी समुद्र पूर्वी वादळांच्या बाबतीत बंगालच्या उपसागरापेक्षा बराच शांत. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली हिशेब मांडला. १९८२ ते २००० ह्या काळाशी तुलना केली तर २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली आणि त्यांचा मुक्काम ८० टक्क्यांनी. उपसागरात संख्या उलट ८ टक्क्यांनी घटली. एकट्या २०१९ मध्ये अरबी समुद्रात पाच वादळं झाली.

इथवर आपलं झालं. पण वाचता वाचता गाडी दुसऱ्याच रुळावर गेली. आपण बागेवर प्लास्टिक टाकू, छाटणी मागेपुढे करू, अगदीच नाही जमलं तर वेल तोडून मका लावू. समुद्रात राहणाऱ्यांनी आणि समुद्राच्या जिवावर जगणाऱ्यांनी काय करायचं? ह्याबद्दल ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा. नाशिककरांनी तर लिहाच, आपल्याला समुद्र नाही म्हणून सुटका नाही.

मिसळभक्त

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर प्रतिसाद नंतर देईन. (म्हणजे कधीच नाही. जुने सभासद जाणतात.)

उगावचा_अण्णा

सर, तुम्ही २०१९ काढलं म्हणून लिहितो. मी एरवी नुसता वाचतो.

माझी बाग तेव्हा फुलोऱ्यात. फुलोऱ्यात पाऊस म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. घड हिरवागार असतो, मण्यांच्या जागी मोहरीएवढ्या कळ्या, त्यावर टोपी. ती टोपी पडायच्या वेळेला पाणी बसलं की गळकूज, म्हणजे कळ्या कुजून गळतात. वरून डावणी रोग. पानाखाली कापसासारखी बुरशी दिसते, दुसऱ्या दिवशी घडाचा देठ तांबूस, तिसऱ्या दिवशी घड आकड्यासारखा वळतो. सकाळी हाताच्या तळव्यावर घड धरला आणि जरा हलवला तर भुसा पडल्यासारखं सगळं हातात. घड राहतो, नुसता सांगाडा.

फवारायला जावं तर ट्रॅक्टर बागेत शिरत नाही, चाक रुततं. मग पाठीवर पंप घेऊन रात्री बॅटरीच्या उजेडात फवारलं. फवारा मारून बांधावर आलो की परत सर. पंधरा दिवसांत किती फवारण्या झाल्या ते मोजायचं सोडून दिलं.

त्या वेळी मला वाटायचं नशीब. २०१७ च्या डिसेंबरात 'ओखी' आलं तेव्हापण नशीबच म्हणालो. तीन-चार वेळा नशीब आलं की मग माणूस नकाशा बघायला लागतो.

शंकासुर

धागा चांगला, पण जरा उलटी बाजू. ६९ साली नाशिकला महापूर आला होता. माझे आजोबा सांगायचे, सराफ बाजारात होड्या चालल्या. तेव्हा कुठे होतं क्लायमेट चेंज? ज्याच्यावरून आपण गोदेचा पूर मोजतो तो दुतोंड्या मारुती तेव्हाही बुडायचा, आताही बुडतो. अवकाळी आजोबांच्या वेळेलाही होता. हल्ली शिंक आली तरी ग्लोबल वॉर्मिंग. कृहघ्या (कृपया हलके घ्या).

कादवाकाठ

शंकासुर, हलके घेतले. मुद्दा रास्त आहे. एका पुराने काहीच सिद्ध होत नाही, ना ६९ च्या, ना २०१६ च्या, ना २०१९ च्या. मारुती बुडतो की नाही हा प्रश्नच नाही, किती वर्षांनी बुडतो तो आहे. आकडेवाल्यांनी यावं.

भरती_ओहोटी

आले. माहेर सातपूर, सध्या गोव्यात, काम समुद्राचंच. सर, तुमच्या त्या विद्यार्थ्याला माझ्याकडून एक कॅडबरी.

शंकासुरांचं आधी घेते. १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. हवामान शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचं २०१७ चं काम आहे. गंमत म्हणजे त्याच काळात एकूण मोसमी पाऊस कमी झालाय. म्हणजे पगार कमी झाला आणि तोही कधीतरी एकदम हातात पडतो. ह्या घटनांना लागणारं बाष्प बरंचसं अरबी समुद्रावरून येतं. हवा एक अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. टाकी मोठी झाली, तोटी तीच.

आणि अण्णा, २०१९ बद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या वर्षी हिंदी महासागरात 'डायपोल' फार जोरात होता. म्हणजे आफ्रिकेकडची बाजू गरम आणि इंडोनेशियाकडची गार. हा झोका निसर्गाचाच, तो पूर्वीपासून आहे. फरक इतकाच की आता झोका ज्या पाटावर बांधलाय तो पाटच वर सरकलाय. पश्चिम हिंदी महासागर १९०१ ते २०१२ मध्ये उन्हाळ्यात १.२ अंशांनी तापला, बाकीच्या उष्ण कटिबंधातल्या समुद्रांपेक्षा जास्त. म्हणून नेहमीचा झोका नेहमीपेक्षा उंच जातो.

आता जिवांकडे वळते. ताप, श्वास, अन्न आणि हाडं, सगळीकडून एकदमच अडचण आलीय.

अन्नाचं बघा. समुद्रातलं गवत म्हणजे वनस्पती प्लवक, डोळ्यांना न दिसणारं. त्याला खत लागतं ते खोल पाण्यात, ऊन मिळतं ते वर. दोघांची गाठ पडायला पाणी खालीवर घुसळावं लागतं. तुमच्या गच्चीवरच्या सोलरच्या टाकीत गरम पाणी वर आणि गार पाणी खाली असं वेगवेगळं बसतं ना, तसंच तापलेल्या समुद्राचं होतं. वरचा थर हलका, तो खाली जात नाही, खालचं खत वर येत नाही. पश्चिम हिंदी महासागरात गेल्या साठेक वर्षांत हे प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटल्याचा अंदाज आहे. गवत घटलं की गाय, गाय घटली की दूध, पुढचं तुम्हीच जोडा.

श्वासाचं: गरम सोड्यात गॅस राहत नाही, गरम पाण्यात ऑक्सिजन राहत नाही. १९६० पासून जगातल्या समुद्रांनी सुमारे २ टक्के ऑक्सिजन गमावलाय. आकडा छोटा वाटतो, पण अरबी समुद्रात काही शे मीटर खाली आधीच जगातला सगळ्यात मोठ्यांपैकी एक कमी ऑक्सिजनचा पट्टा आहे. तिथे आधीच धाप लागलेल्याला जिना चढायला सांगितल्यासारखं आहे. मासे तिथून वर सरकतात, दाटी होते, आणि वर जाळी तयार असतात.

हाडांचं: आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा समुद्र पितो, त्याचं आम्ल होतं. औद्योगिक काळाच्या आधी पृष्ठभागाचा सामू (पीएच) ८.२ च्या आसपास होता, आता ८.१. ऐकायला काहीच नाही, पण ही मोजपट्टी अशी आहे की ०.१ उतरला म्हणजे आम्लता पाव हिश्शाहून जास्त वाढली. तिसऱ्या (शिंपल्या), कालवं, प्रवाळ, सगळ्यांना चुना लागतो घर बांधायला. पाण्यातला चुन्याचा कच्चा माल कमी झाला की तेवढंच घर बांधायला कष्ट जास्त.

प्रवाळाबद्दल उद्या लिहीन. पोळ्या राहिल्यात.

बोंबीलप्रेमी

ताई, पोळ्या असू द्यात, असा प्रतिसाद इथे वर्षात एखादाच येतो. _/\_

मी इंदिरानगरचा, मासे मुंबईहून येतात ते घेणारा. आमच्या मासेवाल्या मावशी गेली काही वर्षं एकच वाक्य बोलतात, "दादा, हाच साइज." पापलेट तळहाताएवढं झालं तर मोठं म्हणायचं. मी त्यांना म्हणायचो मुंबईवाले मोठे ठेवून घेतात आणि बारके आपल्याकडे ढकलतात. आता ताईंचं वाचून मावशींची माफी मागावी की काय अशा विचारात आहे.

तारलीबद्दल (सार्डिन मासा) थोडं वाचलं होतं ते लिहितो. केरळात तारली म्हणजे रोजचं जेवण. कोचीच्या सीएमएफआरआय ह्या सागरी मासेमारी संशोधन संस्थेचे आकडे आहेत. २०१२ साली एकट्या केरळात ३.९ लाख टन तारली मिळाली. २०२१ साली किती? ३,२९७ टन. शून्यं परत मोजा, मी दोनदा मोजली. पुढे ती परत थोडी वाढली, त्यामुळे संपली असं नाही. पण ज्याचं घर तारलीवर चालतं त्याने ती मधली वर्षं कशी काढली असतील?

भरती_ओहोटी

बोंबीलप्रेमी, आकडे बरोबर. फक्त सगळं खापर तापमानावर फोडू नका. एल निनोने (प्रशांत महासागर अधूनमधून तापतो तो) पाणी आणि प्लवक बिघडलं हे खरं, पण चांगल्या वर्षांत बारीक पिल्लंसुद्धा जाळ्यात ओढली गेली हेही खरं. आजारी माणसाला उपाशी ठेवल्यावर तो कशाने गेला हे कसं सांगायचं? पापलेटचंही तेच, मावशींची अर्धी माफी मागा.

तारली अंडी घालायला, राहायला ठरावीक तापमानाचं पाणी शोधते. दक्षिणेत तापलं की उत्तरेकडे सरकते. ज्यांना पोहता येतं त्यांचं एवढं तरी होतं.

प्रवाळाला पोहता येत नाही. प्रवाळ म्हणजे चुन्याच्या घरात राहणारे इवले प्राणी, आणि त्यांच्या अंगात भाडेकरू शैवाल. शैवाल ऊन खाऊन साखर करतं, भाडं म्हणून घरमालकाला देतं. रंगही त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद अंशाने जास्त गरम काही आठवडे राहिलं की हे नातं बिघडतं आणि प्रवाळ भाडेकरूला हाकलतो. मग खाली दिसतो तो पांढरा सांगाडा. लगेच मरत नाही, पण उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर भाडेकरू परत येतो. लक्षद्वीपला हे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ असं झालं. पहिल्या दोन घटनांमध्ये बारा वर्षं गेली, पुढचं अंतर तुम्हीच काढा. सावरायलाच दहाएक वर्षं लागतात.

सरासरी तापमानवाढ दीड अंशावर थांबवली तरी जगातले ७० ते ९० टक्के प्रवाळ जातील, दोन अंशांवर ९९ टक्क्यांहून जास्त, असं आयपीसीसीने (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदल समिती) २०१८ साली लिहून ठेवलंय. आणि २०२४ हे वर्ष दीडच्या पुढे गेलं. एका वर्षावरून मर्यादा ओलांडली असं धरत नाहीत, पण मी ते वाक्य लिहिताना थांबले होते.

उनाड_टिटवी

सर, नांदूर मध्यमेश्वर तुमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर आणि धाग्यात त्याचं नाव नाही? निषेध!

महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे ते. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे इंग्रजांच्या काळातला दगडी बंधारा, त्यामागे गाळ साचून साचून उथळ पाणी झालं, बेटं झाली आणि पक्ष्यांना आयती पंगत मिळाली. अडीचशेच्या आसपास जाती दिसतात. बहुतेक लोक चक्रवाक, पट्टकादंब आणि चमच्यांचे फोटो काढून परत जातात. माझा जीव टिलव्यावर.

टिलवा म्हणजे चिमणीएवढा. खरंच चिमणीएवढा. गाळाच्या कडेला शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच खालीवर, खालीवर, क्षणभर उसंत नाही. दुर्बिणीतून बघताना माझीच मान दुखते. हा जीव सैबेरियाच्या वरच्या टोकाला, आर्क्टिकच्या टुंड्रात जन्मतो आणि हिवाळ्याला खानगाव थडीच्या चिखलात येतो.

आता ऐका. टिलव्याचा एक मोठा भाऊबंद आहे, रेड नॉट. तोही रशियाच्या आर्क्टिकमध्ये घरटं करतो, हिवाळ्याला पश्चिम आफ्रिकेत मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर जातो. २०१६ साली त्याच्यावरचं संशोधन छापून आलं. आर्क्टिकमध्ये बर्फ आता लवकर वितळतो, त्यामुळे किड्यांचा हंगाम लवकर येतो. पक्षी मात्र जुन्या पंचांगाने अंडी घालतात. पिल्लं बाहेर येतात तोवर पंगत उठलेली. अर्धपोटी पिल्लं अंगाने लहान राहतात आणि चोचही आखूड राहते. इथवर दुःख आर्क्टिकमधलं. पण मरतात ती आफ्रिकेत! कारण तिथला चांगला शिंपला वाळूत खोल असतो, आखूड चोच पोचत नाही. मग समुद्री गवताच्या मुळ्या चिवडत बसायचं.

म्हणजे हिवाळ्यात आफ्रिकेच्या वाळूत मेलेल्या पक्ष्याचं कारण शोधायला तुम्ही तिथला शिंपला, तिथला शिकारी, तिथलं पाणी तपासाल. कारण असतं पाच हजार मैलांवर, सहा महिन्यांपूर्वीचं. टिलव्यावर असं काम माझ्या वाचनात नाही, म्हणून त्याच्याबद्दल काही म्हणत नाही. फक्त चिखलात ती सुई चालताना बघितली की चोचीच्या लांबीकडे नजर जाते.

मिसळभक्त

चोचीच्या लांबीवर आयुष्य. च्यायला.

सासर_गंगापूररोड

मूळची चिपळूणची म्हणून माझे दोन पैसे. कोकणातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपायला सुरुवात केली, तेव्हा मी शाळेत होते. पहाटे टोपली उचलली की खाली काळी काळी पिल्लं, बिस्किटाएवढी, सगळी एकाच दिशेने. समुद्र कुठे आहे हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

पण मुलगा की मुलगी हे मात्र वाळू सांगते! कासवात ते आईबापाकडून ठरत नाही. वाळू गार असेल तर नर, साधारण २९-३० अंशांच्या वर गेली की माद्या, आणि फारच तापली तर अंडं उबतच नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांची २०१८ साली तपासणी झाली, तर लहान कासवांत ९९ टक्के माद्या. आमच्या सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "चला, कुठेतरी मुली जास्त झाल्या." हसू आलं, पण पंचवीस-तीस वर्षांनी त्या सगळ्यांना नर कुठून मिळणार?

शंकासुर

वाचतोय, आवडतंय. तरी विचारतो. जाती तर कायमच नष्ट होत आल्यात. डायनोसॉर गेले तेव्हा कारखाने नव्हते. जो टिकेल तो टिकेल, निसर्गाचा नियम. त्यात आपण एवढं का लावून घ्यायचं?

पानफुटी

शंकासुर, एकदा पावसाळ्यात अंजनेरीवर चला माझ्याबरोबर.

वरच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. नावातच पत्ता आहे. जगात पहिल्यांदा नोंदली गेली ती तिथूनच. गुडघ्यावर बसावं लागतं तेव्हा दिसते. गवतात बोटभर उंचीवर छोटासा कंदील टांगल्यासारखं फूल, आत माशी शिरते, केसांमुळे बाहेर येता येत नाही, परागकण अंगाला लागले, केस सुकले की सुटका. एवढी करामत, आणि राहायला जागा केवढी? काही कातळ.

हवा तापली की डोंगरावरच्या जाती वर वर सरकतात. पायथ्याची वनस्पती मध्यावर, मध्यावरची माथ्यावर. माथ्यावरचीने कुठे जायचं? अंजनेरी चार हजार फुटांवर संपतो, पुढे नुसतं आभाळ. प्रवाळाची गोष्ट आणि ही गोष्ट मला एकच वाटते.

आणि "टिकेल तो टिकेल" म्हणायला टिकण्यासाठी वेळ मिळाला पाहिजे ना? ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनीच्या मधे ब्रॅम्बल के नावाचं वाळूचं बेट आहे, समुद्रापासून जेमतेम तीन मीटर उंच. तिथे मेलोमिस नावाचा उंदीर राहायचा, जगात फक्त तिथेच. भरतीचं आणि वादळाचं पाणी वारंवार बेटावर चढलं, तो खायचा ती झुडपं गेली. २००९ मध्ये शेवटचा दिसला, २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने नामशेष जाहीर केला. माणसाने केलेल्या हवामानबदलामुळे गेलेला पहिला सस्तन प्राणी म्हणून त्याचं नाव घेतात. उंदीरच तो, कोण रडणार?

शंकासुर

फोटो बघितला उंदराचा. बरा दिसतो.

नियमाबद्दलचं माझं म्हणणं सोडलेलं नाही. अंजनेरीला येतो, पण उतरल्यावर मिसळ तुमच्याकडून.

मिसळभक्त

आता खरा माझा विषय आला.

कादवाकाठ

धाग्याचं काश्मीर (म्हणजे भांडणाचा आखाडा) न झाल्याबद्दल सगळ्यांचे आभार.

एक राहून गेलं होतं ते टाकतो. आपली गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगवते तिथून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर. पण बाई पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालत उपसागराला मिळते. आंध्रात तिच्या मुखाशी पावसाळ्यात 'पुलसा' येतो. म्हणजे हिल्सा, आपल्याकडचा पाला. समुद्रातला मासा, गढूळ पुराचं गोडं पाणी आलं की त्याच्या उलट नदीत चढतो, अंडी घालायला. पूर कधी येतो, किती येतो, समुद्र किती गरम आहे, ह्या सगळ्यावर त्याचं गणित. वाटेत धवळेश्वरमला ब्रिटिशांच्या काळापासून बंधारा आडवा आहेच. आणि वरची धरणं गाळ अडवतात, म्हणून मुखाशी नवी जमीन तयार होणं मंदावलंय, तर समोरून समुद्र चढतोय. रामकुंडात आपण जे पाणी बघतो त्याचा शेवट असा दोन्हीकडून दाबला जातोय.

वर्गात सोमवारी हे सगळं सांगितलं. तास संपला तरी पोरं उठेनात. पट्ठ्याने परत हात वर केला. (ह्या वर्षीचा कोटा संपला.) "सर, मग टिलव्याला कुणीतरी सांगायला पाहिजे ना, लवकर निघ म्हणून?"

टिटवीताई, ह्याचं उत्तर तुम्हीच द्या.

उनाड_टिटवी

देते. त्याला निघायचं कळतं ते दिवसाच्या लांबीवरून. इथे दिवस मोठा व्हायला लागला की अंगात हालचाल सुरू होते. आणि दिवसाची लांबी बदललेली नाही, बदललाय तिकडचा बर्फ. खानगाव थडीला बसून त्याला तो दिसत नाही. काही जाती थोड्या लवकर निघायला लागल्यात, सगळ्यांना जमत नाही. पोराला घेऊन या एकदा, माझी दुर्बीण देते. पहाटे सहाला, ऊन चढायच्या आत.

उगावचा_अण्णा

ताई (भरती ओहोटी), एक विचारू का. समुद्राचं तापमान रोजचं कुठं बघायला मिळतं? आमच्याकडे पितृपक्ष सरला की छाटण्या सुरू. सगळे मोबाइलवर पाऊस बघतात, समुद्र कुणी बघत नाही.

भरती_ओहोटी

अण्णा, हैदराबादच्या इन्कॉइस ह्या सागरी माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर मिळेल. ते मच्छीमारांना मासे कुठे सापडतील त्याचा सल्लाही रोज देतात. समुद्राच्या तापमानाचा नकाशा शोधा. लाल म्हणजे गरम. साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर पाणी असेल तर वादळाला इंधन मिळतं, पण नुसत्या इंधनाने गाडी सुरू होत नाही. वरचे वारे, दमटपणा, बरंच काही जुळावं लागतं. आणि २०२३ च्या नोव्हेंबरअखेर तुमच्याकडे गारपीट झाली, तसल्याला पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणारी पावसाळी हवा, म्हणजे पश्चिमी विक्षोभही लागतो. तो ह्या नकाशात दिसणार नाही.

उगावचा_अण्णा

बघितलं. लालच आहे सगळं, मुंबईपासून पार खालपर्यंत. मग छाटणी दहा दिवस पुढं ढकलू का? ढकलली तर फुलोरा नोव्हेंबरात जातो, पण माल उशिरा येतो आणि भाव पडतो.

भरती_ओहोटी

अण्णा, ते मला नाही सांगता येणार. समुद्र गरम आहे एवढं मी खात्रीने सांगू शकते. तुमच्या बागेवर अमुक आठवड्यात पाऊस पडेल की नाही हे आज कुणीच सांगू शकत नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. निम्मी आत्ता आणि निम्मी नंतर असं करतात का तुमच्याकडे?

उगावचा_अण्णा

करतात. मजूर दोनदा मिळाले तर. पेठ-सुरगाण्याची टोळी मंगळवारची सांगून ठेवलीय, त्यांना परत पाठवलं की ती दुसऱ्याच्या बागेत जाते.

खालची दीड एकर मंगळवारी घेतो. वरची ठेवतो. नकाशा बघत राहतो रोज.

मिसळभक्त

अण्णा, बुधवारी कळवा.

उगावचा_अण्णा

कळवतो. आत्ता ढग आहेत, पण पांढरे.